दुपारची वाळू: इंजिनिअरिंगच्या मुलांना खरे प्रश्न कुठून द्यायचे?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर भागातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं फौंड्रीत काढली आहेत. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासताना एक गोष्ट मला दरवर्षी खुपते. अहवाल नीट असतो, आकृत्या नीट असतात, मॉडेल चालतंही. पण "हे कुणाला हवं होतं?" असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. यात मुलांचा दोष नाही. चार वर्षांत त्यांना दिलेल्या प्रत्येक गणितात लागणारी सगळी मापं आधीच लिहून दिलेली असतात, नको असलेलं एकही माप नसतं, आणि उत्तर ठरलेलं असतं. कारखान्यात याच्या बरोबर उलट असतं.

मागे एका गटाबरोबर जे घडलं ते सविस्तर लिहितो, कारण त्यातून मी स्वतः बरंच शिकलो.

एमआयडीसीतली एक मध्यम फौंड्री. ओल्या वाळूच्या साच्यात बिडाची कास्टिंगं काढतात. मालकांनी मुलांना सांगितलं ते एवढंच: "दुपारनंतर रिजेक्शन वाढतंय. कास्टिंगमध्ये वाळू सापडते. का ते शोधा." चार जणांचा गट, त्यात दोन मुली. पहिल्या दिवशी सगळे लॅपटॉप घेऊन बसले. गेटिंग, म्हणजे साच्यात धातू आत जायची वाट, चुकलं असणार असं धरून सिम्युलेशन सुरू केलं. मी थांबवलं नाही. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी त्यांच्यातल्याच एकीनं विचारलं, "सर, गेटिंग सकाळी पण तेच असतं ना? मग सकाळची कास्टिंगं चांगली कशी?" प्रोजेक्टची खरी सुरुवात त्या दिवशी झाली.

मग ती साचे भरणाऱ्या मोल्डरकाकांशेजारी जाऊन उभी राहिली. काका दर काही बॉक्सनंतर वाळूची मूठ आवळून मोडून बघायचे. त्यांनी तिला सांगितलं, "दुपारी वाळू मरत्या, बाळ." मरते म्हणजे काय, हे त्यांनी हातानं दाखवलं. सकाळच्या मुठीवर बोटांचे ठसे स्पष्ट उठतात आणि मोडली तर कड धारदार राहते. दुपारची मूठ मोडताना कड भुरभुरते. ही गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं माहीत होती, पण कुणी विचारलंच नव्हतं.

प्रयोगशाळेच्या रजिस्टरात ओलावा रोज साडेतीन टक्क्यांच्या आसपास, अगदी व्यवस्थित. पण तो नमुना मिक्सरच्या तोंडाशी घेतलेला असे. मुलांनी साच्यापाशी नमुने घेतले तर दुपारी ओलावा बराच कमी भरला. मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन दर अर्ध्या तासाला वाळूचं तापमान लिहायला लागले. रात्रभर पडून राहिलेली वाळू सकाळी थंड असते. दुपारपर्यंत तीच वाळू अनेकदा वितळलेल्या बिडाखालून जाऊन येते आणि मधे निवायला वेळ मिळत नाही. ५० अंशांच्या वर गेलेल्या वाळूत पाणी टिकत नाही, पट्ट्यावर आणि हॉपरमध्येच (वाळू साठवायच्या टाकीत) उडून जातं. त्यात जेवणाच्या सुट्टीत हॉपर भरलेलाच राहायचा.

मुलांचा पहिला उपाय होता पाणी वाढवायचा. मालकांनी एका पाळीसाठी परवानगी दिली. वाळूचे दोष कमी झाले आणि ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधल्या वायूच्या पोकळ्या, वाढले, कारण जास्तीच्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. त्या पाळीची खराब कास्टिंगं मुलांनी स्वतः मोजली. परीक्षेत चुकलं तर आपले दोन मार्क जातात. इथे चुकलं ते दुसऱ्याचं लोखंड आणि दुसऱ्याची वीज होती, आणि ते मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वाळू थंड करायचं यंत्र घेणं मालकांच्या आवाक्यात नव्हतं. मग ठरलं ते असं: सुट्टीआधी हॉपर रिकामा करायचा, परतीच्या पट्ट्यावर चाळणीच्या आधी पाण्याचा फवारा मारायचा म्हणजे पाणी तिथेच उडून वाळू निवेल, आणि ओलाव्याचा नमुना साच्यापाशी घ्यायचा. तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागला नाही. माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची होती. रिजेक्शन कमी झालं. आकडा फौंड्रीचा आहे, तो इथे देत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं की खऱ्या प्रश्नाला मालक असावा लागतो. तो प्रश्न सुटला नाही तर कुणाचं तरी नुकसान होत राहणार असतं, आणि उत्तर बरोबर की चूक हे परीक्षक ठरवत नाही, ती व्यक्ती ठरवते. असे प्रश्न मुलांपर्यंत आणायला तुम्ही काय करता? आणि मार्कांचं कसं जमवता? तीन आठवडे चुकीच्या दिशेनं गेलेल्या गटाला किती मार्क द्यायचे, हे मला अजून नीट सुटलेलं नाही.

निवृत्त_टूलरूम

लेख आवडला. वाळूची मूठ वाचून हाताला वाळू लागल्यासारखी वाटली.

पण एक मतभेद मांडतो. हल्ली सगळीकडे "प्रॅक्टिकल द्या, थिअरी कमी करा" असा सूर आहे, तो मला पटत नाही. आम्ही अप्रेंटिसशिप केली ती १९६१ च्या कायद्याखाली. पदवी आणि पदविकावाल्यांना त्यात १९७३ च्या दुरुस्तीनं आणलं. एक वर्ष टूलरूममध्ये काढलं. ज्यांचा पाया कच्चा होता ते हुशार कारागीर झाले, पण मशीन बदललं की अडायचे. ज्यांचा पाया पक्का होता त्यांना पहिले सहा महिने जड गेले, पुढे मात्र ते कुठेच अडले नाहीत. आधी पाया, मग कारखाना.

पंचगंगाकाठ

काका, पाया हवाच, यात दुमत नाही. फक्त क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. याच गटाचं उदाहरण देतो. फवाऱ्यानं वाळू किती निवेल हा प्रश्न आला तेव्हा चौघांनी दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक पुन्हा उघडलं. एक किलो वाळूतून दहा ग्रॅम पाणी उडालं तर ते साधारण २३-२४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. वाळूची विशिष्ट उष्णता ०.९ च्या आसपास धरली तर तापमान २५ अंशांच्या आसपास उतरायला हवं. म्हणजे फक्त एक टक्का पाणी! हे गणित त्यांनी पट्ट्याशेजारी उभं राहून वहीत केलं आणि मग थर्मामीटर लावून पाहिलं. प्रत्यक्षात तेवढं उतरलं नाही. का नाही, यावर पुढचा आठवडा गेला: सगळं पाणी उडत नव्हतं, हवा खेळती नव्हती, पट्ट्यावर वाळूचा थर जाड होता. बाष्पीभवनाची गुप्त उष्णता त्यांनी दुसऱ्या वर्षी पाठ केली होती. समजली ती इथे.

सहावं_सेमिस्टर

सर, मी तिसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या कॉलेजचा नाही. वाचून खूप बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आमच्याकडे इंटर्नशिप सक्तीची आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पैसे भरून ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलं. मी तसं केलं नाही. सतरा कंपन्यांना मेल केले आणि सहा ठिकाणी स्वतः गेलो. चार ठिकाणी वॉचमननं गेटवरूनच परत पाठवलं. एका ठिकाणी घेतलं, तिथे महिनाभर जुनी ड्रॉइंगं स्कॅन करत होतो. त्या साहेबांना मी दोष देत नाही, त्यांना मला शिकवायला वेळच नव्हता. पण कॉलेजातल्या कुणीही त्यांना फोन करून विचारलं नाही की मुलगा काय करतोय.

माझा प्रश्न असा: ज्यांच्या सरांची फौंड्रीत ओळख नाही, त्यांनी काय करायचं?

शुभदा

सहावं_सेमिस्टर, तुझा प्रतिसाद वाचून मीही अस्वस्थ झाले. दुसऱ्या बाजूनं लिहिते. मी पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकवते. २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' हा विषय आला, तेव्हा मी मनापासून खूश झाले होते. कल्पना चांगलीच आहे. पण एका शिक्षिकेकडे अनेक गट, त्याच वेळी तीन विषयांची लेक्चर्स, मूल्यांकन समितीच्या फायली आणि प्रवेशाचं काम. गटाबरोबर कारखान्यात अर्धा दिवस गेले तर माझी लेक्चर्स कोण घेणार? सामंजस्य करार भरपूर आहेत. सही होते, फोटो निघतो आणि पुढे दोन्हीकडची माणसं बदलतात.

मी एवढंच बदललं: गटाला विषय निवडू देत नाही, माणूस निवडायला सांगते. कॉलेजच्या कॅन्टीनचे काका, होस्टेलचा प्लंबर, रसवंतीवाले, वर्कशॉपमधले मदतनीस. त्या माणसाबरोबर दोन पूर्ण दिवस बसायचं आणि त्याला कशाचा त्रास होतो हे त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. त्या एका पानाला मी शंभरातले तीस मार्क देते. उपाय नंतर. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे जमतं आणि ओळख लागत नाही.

मार्कांचं म्हणाल तर चुकीच्या दिशेनं गेलेले तीन आठवडे वहीत तारीखवार लिहिलेले असतील तर मी पूर्ण मार्क देते. लिहिलेले नसतील तर देत नाही.

कोकणरेषा

वाचतेय. सिव्हिलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या शाखेला कारखान्याच्या गेटवर उभं राहावं लागत नाही, गाव उघडंच असतं. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र आहे. तिथले विद्यार्थी कर्जतसारख्या तालुक्यांत जाऊन नळपाणी योजना का बंद पडतात याचा अभ्यास करतात. तीच पद्धत राज्यातल्या इतर कॉलेजांपर्यंत न्यावी म्हणून पुढे उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू झालं. ते वाचून मी आमच्या मुलांना डोंगरातल्या एका गावात नेलं.

कागदावर योजना बरोबर होती. टाकी पुरेशी, पंप पुरेसा, जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबात बसणारी. तरी वरच्या वाडीला पाणी चढत नव्हतं. मुलांनी पाइपलाइन पायी चालून लेव्हल घेतल्या, संगणकावर जाळं मांडलं. संगणक म्हणे पाणी चढतं. मग बादली आणि स्टॉपवॉच घेऊन घरोघर फिरले. पंधरा लिटरची बादली कुठे किती सेकंदांत भरते, एवढंच मोजायचं. खालच्या आळीत कित्येक नळांना तोट्याच नव्हत्या. पाणी आलं की ते बंद होईपर्यंत वाहत राहायचं, त्यामुळे वर चढायला दाबच उरत नव्हता. पाणी सोडणाऱ्या दादांना हे ठाऊक होतं. वरच्या वाडीतल्या बायकांना तर आमच्या आधी कित्येक वर्षं ठाऊक होतं.

मुलांनी सुचवलं: आधी फक्त वरच्या वाडीला पाणी सोडा, मग खाली, आणि तोट्या बसवा. ग्रामसभेत मांडलं. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "पंप जास्त वेळ चालणार. बिल कोण भरणार?" मुलं गप्प. वीजबिलाचा हिशेब कुणी केलाच नव्हता. परत आलो, पंपाचे तास आणि युनिट मोजले, दर घराला महिन्याला किती पडेल ते काढलं आणि पुढच्या ग्रामसभेला पुन्हा गेलो. अभ्यासक्रमात वीजबिल कुठेच नाही, पण त्या गावात योजना चालणार की नाही हे त्याच्यावरच ठरणार होतं.

बाजा_२०१३

सगळ्यांचे अनुभव वाचून छान वाटलं, पण स्पर्धांनाही थोडं श्रेय द्या. मी बाजाच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ऑफ-रोड गाडी स्पर्धेच्या, टीममध्ये होतो. गाडी बनवायची, इंजिन सगळ्यांना सारखंच, खर्चाचा अहवाल द्यायचा, आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स. दगडधोंड्यांत चार तास गाडी टिकवायची म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. आमचा मागच्या सस्पेन्शनचा आर्म वेल्डच्या शेजारी तुटला. वेल्ड नाही, त्याच्या शेजारचा भाग. उष्णतेनं धातूचा पोत बदलतो हे मटेरियल सायन्समध्ये वाचलं होतं, पण तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. पंचगंगाकाठ म्हणतात तसा इथे प्रश्नाला मालक नाही, हे खरं. तरी उत्तर परीक्षक ठरवत नाही, रस्ता ठरवतो.

आणि पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह आठवा. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ रॉकेटवरून गेला, वजन एक किलोच्या आत. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या आधीच पास होऊन गेले होते. एका बॅचनं दुसरीच्या हाती काम द्यायचं म्हणजे कागद इतके नीट हवेत की न भेटलेल्या माणसालाही कळले पाहिजेत. कंपनीत पहिल्या दिवशी नेमकं हेच लागतं. एका वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ते कधी शिकायला मिळत नाही.

पंचगंगाकाठ

बाजा_२०१३, पटलं. रस्ता ठरवतो हे वाक्य लक्षात ठेवीन. आणि कागद पुढच्या बॅचकडे देण्याचा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. आमच्या फौंड्रीच्या कामाचं पुढे काय झालं ते सांगतो. सहा महिन्यांनी गेलो तर फवारा बंद होता. नोझल चोंदलं होतं. बोअरचं पाणी जड, क्षार साठले. मुलं तोवर पास झाली होती. यंदा नव्या गटाला मी तेवढंच काम दिलं आहे: जुन्या गटाचा अहवाल वाचा आणि फवारा वर्षभर चालू ठेवा. त्यांना आधी ते कमीपणाचं वाटलं, नवीन काहीच नाही म्हणून. आता जड पाणी, फिल्टर आणि देखभालीचं वेळापत्रक यांत ते पुरते अडकले आहेत.

नेकारकाठ

स्टुटगार्टजवळ राहते, मूळची सांगलीची. इथे बाडेन-वुर्टेनबर्गमध्ये दुहेरी शिक्षणाची पद्धत आहे. तीन महिने कॉलेज, तीन महिने कंपनी, असं तीन वर्षं आलटून पालटून. विद्यार्थ्याला पूर्ण काळ पगार मिळतो. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या संस्थांचं २००९ मध्ये विद्यापीठ झालं. माझ्या हाताखाली असे विद्यार्थी येतात, आणि फरक पहिल्या आठवड्यात दिसतो: ते प्रश्न विचारायला लाजत नाहीत. कारण मागच्या तीन महिन्यांत त्याच माणसांबरोबर त्यांनी काम केलेलं असतं.

पण ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. इथे कंपनी आधी विद्यार्थी निवडते आणि त्याला शिकवायला एक माणूस नेमते, त्या माणसाच्या कामाच्या तासांत ते धरलेलं असतं. सहावं_सेमिस्टरच्या साहेबांकडे नव्हते ते हेच तास. आणि भारतात जमत नाही असंही नाही. बिट्स पिलानीची प्रॅक्टिस स्कूल १९७३ पासून चालू आहे, तिथे कॉलेजचा शिक्षक कंपनीतल्या मुलांवर लक्ष ठेवतो.

मीरा_क्यूए

एक मुद्दा राहिला. मी मेकॅनिकलची. आमच्या वेळी मुलांना शॉप फ्लोअर मिळाला आणि मला ऑफिसात बसवलं, "मुलीला तिकडे कुठे पाठवायचं" म्हणून. त्या कंपनीत वाईट माणसं नव्हती, पण महिलांसाठी स्वच्छतागृह नव्हतं आणि माझ्या मापाचे सेफ्टी शूज नव्हते. सरांच्या गटातली मुलगी मोल्डरकाकांशेजारी उभी राहू शकली म्हणून तो प्रश्न सुटला. शिक्षकांना विनंती: मुलांना पाठवण्याआधी स्वतः जाऊन या दोन गोष्टी बघा.

शुभदा

मीरा, हे माझ्या यादीत आजच लिहिलं. धन्यवाद.

सहावं_सेमिस्टर

सगळ्यांचे आभार. शुभदा मॅडमचं "माणूस निवडा" वाचलं आणि शनिवारी गावी गेलो. आमच्या भावकीत गुऱ्हाळ आहे. लहानपणापासून बघतोय पण कधी विचारलं नव्हतं. दोन दिवस जाळ घालणाऱ्या जळव्याकाकांबरोबर चुलवाणापाशी, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीपाशी, बसलो. त्यांचा त्रास एका वाक्यात: "चिपाड पुरत न्हाई." रस काढून उरलेलं उसाचं चिपाड वाळवून तेच जाळतात, तरी शेवटच्या आधणाला (एका वेळी काहिलीत उकळायला घेतलेला रस) लाकूड विकत आणावं लागतं. मधे अवकाळी पाऊस पडला तेव्हापासून जास्तच.

मला लगेच चुलवाणाचं डिझाइन बदलावंसं वाटलं. मग सरांचे तीन आठवडे आठवले आणि थांबलो. तीन आधणांसाठी किती चिपाड घातलं ते पाट्या मोजून लिहिलं, एका पाटीचं वजन केलं, प्रत्येक आधणाला किती वेळ लागला ते लिहिलं. तिन्ही आकडे वेगवेगळे आहेत, आणि का ते मला कळत नाही. गूळ शिजवणारे गुळव्याकाका म्हणतात ढिगाच्या वरचं चिपाड चांगलं जळतं, खालचं नुसता धूर करतं. आता काय मोजू?

पंचगंगाकाठ

अरे वा! काकांनी उत्तराची अर्धी वाट दाखवलीच आहे. ढिगाच्या वरचं, मधलं आणि खालचं असं तीन ठिकाणचं प्रत्येकी एक किलो चिपाड घे. बाहेर काढल्या काढल्या पिशवीत घालून तोंड बांध, नाहीतर आमच्या वाळूसारखं वाटेतच सुकेल. वजन कर, उन्हात पसर, दर दोन तासांनी वजन करत राहा, कमी व्हायचं थांबेपर्यंत. त्यात किती पाणी होतं ते साधारण कळेल. मग एक किलो ओल्या चिपाडातली किती उष्णता नुसतं पाणी उडवण्यात जाते ते काढ. आकडा तुला वरच्या फवाऱ्याच्या गणितात मिळेलच.

पाट्या त्याच क्रमानं भरल्या होत्या का, म्हणजे पहिल्या आधणाला ढिगाच्या वरचं आणि तिसऱ्याला खालचं, तेही जळव्याकाकांना विचारून इथे लिही.

सहावं_सेमिस्टर

विचारलं. तसंच भरतात, वरून खाली. पिशव्या बांधल्या आहेत, वजनकाटा किराणावाल्याकडून आणलाय. रविवारी आकडे टाकतो.